दारात कुंद हवा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत बागवान हे आडनाव किती दारांवर दिसतं ते मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही. साताऱ्याचा मोती चौक, कराडची मंडई, मिरजेचं लक्ष्मी मार्केट, कुठेही फळांच्या गाड्यापाशी उभे राहा, पाचातला एक तरी बागवान निघतो. बागवान म्हणजे फारसीत बाग राखणारा, आपल्या मराठीतला माळी. त्याच्या शेजारच्या दुकानात अत्तार, त्याच्या पलीकडे तांबोळी. फळं, सुगंध आणि पान, तिन्ही गोष्टी झाडावरून उतरणाऱ्या. आणि अशी आडनावं पिढ्यान्‌पिढ्या लावणाऱ्या आपल्या समाजाच्या दारात आज काय दिसतं? पेव्हर ब्लॉक. करडे किंवा लाल, नागमोडी कडांचे, पावसात निसरडे आणि मे महिन्यात तव्यासारखे तापणारे.

मला त्या ब्लॉकमधले चार काढून तिथे एक झाड लावायला सांगायचं आहे. वड-पिंपळ नको, आंबाही नको, तेवढी जागा कुणाकडे आहे? कुंद लावा.

कुंद कशासाठी, ते आधी सांगते. आपल्याकडची बहुतेक सुवासिक पांढरी फुलं उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची. मोगरा चैत्र-वैशाखात, जाई-जुई पावसाच्या पहिल्या सरीनंतर, पारिजातक श्रावणापासून पुढे. दिवाळी संपली की शेवंती आणि झेंडू सोडले तर अंगण मुकं होतं. नेमका त्या वेळी कुंद बोलायला लागतो. मार्गशीर्षात कळ्या दिसू लागतात, पौष-माघात झुडूप पांढरं होतं. संस्कृत कोशात त्याला माघ्य असंही नाव दिलंय, माघात फुलणारा म्हणून. बाकीचं वर्षभर तो हिरवाच असतो, पानगळीचा खराटा होत नाही. मोगऱ्याच्याच कुळातला आहे, शास्त्रीय नाव जॅस्मिनम मल्टिफ्लोरम. ओळखायची खूण सोपी: कोवळ्या फांदीवर आणि पानावर बोट फिरवलं की मऊ लव लागते, आणि फुलाच्या खाली हिरवे, दोऱ्यासारखे लांब निदल असतात. पाकळ्या सहा-सातपासून नऊपर्यंत, अरुंद आणि टोकदार, चांदणीसारख्या. रोपवाटिकेत कुंद म्हणून कधी तगर गळ्यात मारतात, कधी नेवाळी. तगरीचं पान गुळगुळीत असतं आणि तोडलं की पांढरा चीक येतो. एवढं लक्षात ठेवलं तर फसवणूक होत नाही.

वासाबद्दल खोटं सांगणार नाही. मोगऱ्यासारखा तो गल्लीच्या टोकापर्यंत येत नाही. मंद असतो, नाक जवळ न्यावं लागतं. अत्तारांच्या घरातल्यांना तो कमीच वाटेल. पण थंडीतल्या सकाळी, नळाला पाणी यायची वाट बघत दारात उभं असताना, हात लांब करून एक फांदी जवळ ओढावी एवढा तो नक्की आहे.

आता खरा प्रश्न. आमच्या दारात कुंद लागला तेव्हा मिरजेहून आलेल्या फुफीने तो बघितला आणि पहिलं वाक्य म्हणाली, “अगे, ये तो उनके देवाकू चढाते ना?” आठवड्याच्या आत समोरच्या काकूंनी गेटपाशी थांबून विचारलं, “अगं, तुमच्यात कुंद लावतात?” दोन्ही बायका माझ्या जिव्हाळ्याच्या. दोघींच्याही मनात वाकडं काही नव्हतं. पण दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणाहून निघाले होते: फुलाला घर असतं, ते एका बाजूचं असतं, आणि ते या बाजूला दिसलं म्हणजे चुकून आलं असणार.

या समजुतीला आधार आहे, नाही असं नाही. कुंद पूजेत वाहतात. शाळेशाळांतून म्हटल्या जाणाऱ्या सरस्वतीच्या संस्कृत स्तवनात अगदी पहिल्याच समासात कुंद येतो, देवीच्या शुभ्रपणाची उपमा म्हणून. म्हणजे शाळेत शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या कानावरून हे फूल गेलंय, झाड ओळखता येवो न येवो. पण मग मोगऱ्याचं काय? तो देवळातही वाहतात आणि दर्ग्याच्या चादरीतही गुंफतात. गुलाबाचं काय? मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याकडे जाताना जो फुलवाला सब्जा आणि गुलाबाच्या पाकळ्या पुड्यात बांधून देतो, तो गणपतीच्या दिवसांत त्याच पाटीवर हार आणि दूर्वा विकतो. कडेगावच्या मोहरमला आभाळाला टेकणारे ताबूत निघतात, ते पाहायला आणि उचलायला सगळं गाव असतं; तिथे फुलं वाहणाऱ्याची जात कुणी विचारत नाही. फुलं सगळीकडे फिरतात. एकाच जागी अडकून पडलाय तो आपला विचार.

इतिहासात थोडं मागे गेलं तर हा प्रश्न आणखी विचित्र वाटतो. हा सगळा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता, मिरज होती, साताऱ्याचा किल्लाही होता. त्या गादीवर १५८० पासून १६२७ पर्यंत बसलेल्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने दखनीत ‘किताब-ए-नौरस’ लिहिलं. गाण्यांचं पुस्तक. त्यात तो सरस्वतीला आणि गणपतीला आळवतो, आणि त्याच पुस्तकात मुहंमद पैगंबरांना आणि गुलबर्ग्याच्या बंदानवाजांनाही. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. त्याच दरबारात पुढे नुसरतीने ‘गुलशन-ए-इश्क’ लिहिलं, नावच प्रेमाची बाग, आणि गोष्ट मनोहर आणि मधुमालतीची, म्हणजे नायिकेच्या नावातच मालतीचं फूल. मी काही आदिलशाही परत आणा म्हणत नाही; सुलतानांच्या वेळी रयत सुखी होती की नव्हती हा वेगळा विषय आहे आणि तो गोड नाही. एवढंच म्हणते की या मातीत लिहिणाऱ्या मुसलमानाने इथली फुलं परकी समजल्याचं मला कुठे आढळलं नाही. ही सवय अलीकडची आहे.

दीनाच्या बाजूने बोलायचं तर सूरह रहमानमध्ये अल्लाहने दिलेल्या नेमती मोजताना धान्याच्या शेजारी रैहानचं, सुवासिक वनस्पतीचं, नाव येतं. सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे की कुणी रैहान पुढे केलं तर नाकारू नये, कारण ते वाहायला हलकं आणि वासाला चांगलं असतं. जन्नत या शब्दाचा अर्थच बाग, आणि त्याच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे, झाडांनी झाकलेली जमीन. फिरदौस हा तर जुन्या इराणी भाषेतला, कुंपण घातलेल्या बागेचा शब्द. इंग्रजीतलं पॅराडाइसही तिथूनच गेलेलं. ज्यांच्या अखेरच्या मुक्कामाचं नाव बाग आहे त्यांनी अंगणात फरशी घालून समाधान मानावं हे मला पटत नाही.

काकूंचा विषय मात्र एवढ्यावर संपला नाही. पहिल्या थंडीत झुडूप भरलं आणि एका सकाळी त्यांनी विचारलं, “दोन फुलं घेऊ का गं?” मी म्हटलं, घ्या की. तेव्हापासून त्या घेतात, आणि कुठे नेतात हे मला माहीत आहे. फुफीला हे कळल्यावर तिने मला बाजूला घेऊन विचारलं की हे चालतं का. प्रश्न टाळण्यासारखा नव्हता, म्हणून इथे लिहिते. फतवा देणं माझं काम नाही, मी भाषा शिकवते. पण आपल्यातले बागवान देवळापुढे नारळ आणि केळी विकत आलेत, फुलांचा धंदा करणारी मुसलमान घरं हार करून देत आलीत, अत्तारांनी उदबत्ती आणि अष्टगंध विकलंय, आणि त्या कमाईतून हजही झालेत. पैसे घेऊन दिलेलं चालतं आणि शेजाऱ्याला फुकट दिलेलं चालत नाही, हे गणित मला सुटत नाही. मी शेजाऱ्याला फूल देते. शेजाऱ्याचा हक्क किती मोठा मानलाय हे आपल्याला मुलाण्याने सांगावं लागत नाही. फूल तिच्या हातात गेल्यावर ते तिचं. फुफी माझ्याशी सहमत झाली नाही. पण जाताना कुंदाच्या चार काड्या पिशवीत घालून मिरजेला घेऊन गेली.

आणि काकूंच्या प्रश्नाचं उत्तरही द्यायला हवं, कारण “तुमच्यात” हा शब्द मला फुलापेक्षा जास्त ऐकू येतो. तुमच्यात मराठी बोलतात? तुमच्यात पुरणपोळी करतात? तुमच्यात कुंद लावतात? विचारणाऱ्याला त्यात काहीच गैर वाटत नसतं. उत्तर देणाऱ्याला मात्र दर वेळी आपण इथलेच असल्याचा दाखला काढून दाखवावा लागतो. मी आता दाखला काढत नाही. “आमच्यात काळ्या मातीत जे येतं ते लावतात” असं म्हणते आणि पाणी घालत राहते.

या झाडाने माझ्या वर्गालाही एक तास दिला. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना दोन्ही भाषा शिकवते. कुंद हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा एक मुलगा लगेच म्हणाला, “मिस, छुरी कुंद होती है.” बरोबर होतं त्याचं. फारसीतून आलेला कुंद म्हणजे बोथट. कुंद-ज़ेहन म्हणजे मंदबुद्धी, आणि ही शिवी पोरांना पाठ असते. गंमत अशी की हा फारसी कुंद मराठीतही राहायला आलाय. पावसाळी, दमट, वारा पडलेल्या दिवशी आपण “हवा कुंद झालीय” म्हणतो तो हाच. आणि संस्कृतातून आलेला पांढऱ्या फुलाचा कुंद त्याच अक्षरांत त्याच्या शेजारी बसलाय. एका कोशात, एकाखाली एक, दोन वेगळ्या घरांतून आलेले दोन शब्द, आणि मराठीने दोघांनाही जागा करून दिली. मराठीत सुंदर दातांना कुंदकळ्या म्हणतात, उर्दूत मोती म्हणतात, हेही त्याच तासाला निघालं. मग मुलांनी एकमेकांचे दात तपासले आणि तास तिथेच आटोपला.

कलम हा दुसरा शब्द. उर्दूत आधी लेखणी, मग झाडाची काडी. मराठीत आधी झाडाची काडी, मग कायद्याचं कलम, आणि लेखणी सगळ्यात शेवटी. बोरूला देतात तसा तिरका छेद काडीला देताना मुलांना दाखवला की हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाग, जमीन, हवा, हंगाम, कलम, गुलाब, सगळे तिकडून आलेले. रोप, अंगण, माती, कळी, पान सगळे इकडचे. रोप लावताना तोंडातून निघणाऱ्या साध्या वाक्यात दोन्ही असतात. उर्दू शाळेतल्या मुलाला मराठी परकी वाटते आणि मराठी शाळेतल्या मुलाला उर्दू परकी वाटते, याला उपाय म्हणून शासनाने काय काय योजना काढल्या! दोन्ही शाळांच्या आवारात एक-एक झुडूप आणि त्याच्या भोवती एक तास, एवढ्याने बरंच काम होईल असं माझं मत आहे. वृक्षारोपणाच्या दिवशी फोटोसाठी वड लावतात. त्यातला पुढच्या उन्हाळ्यात किती वाचतो ते सगळ्या शिक्षकांना माहीत आहे.

लावायचं कसं, यात दोन जिल्ह्यांचा फरक मोठा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा पडला तरी लोक समाधान मानतात. सांगलीकडे कृष्णाकाठची काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी जमीन. ऊस आणि पाणी यांच्या अतिरेकाने वाळवा-मिरजेकडच्या कितीतरी शिवारात ती खारपड नाहीतर चोपण झालीय. कुंद दुष्काळ थोडाफार सोसतो, पण मुळाशी तुंबलेलं पाणी अजिबात सोसत नाही. म्हणून काळ्या जमिनीत खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल घ्यावा, तळाला विटांचे तुकडे किंवा जाड मुरूम टाकावा, आणि खणलेल्या मातीत एक वाटा वाळू, एक वाटा कुजलेलं शेणखत मिसळून जमिनीपेक्षा वीतभर उंच गादी करून त्यावर रोप लावावं. साखर कारखान्याची मळी मिळत असेल तर ती पूर्ण कुजलेली घ्यावी, ताजी मळी मुळं भाजते. साताऱ्याच्या मुरमाड जमिनीत उलट करायचं, तिथे पाणी थांबत नाही, म्हणून शेणखत जास्त आणि बुंध्याभोवती पाचटाचं आच्छादन. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या घराघरांत शिरलं आणि दिवसच्या दिवस हललं नाही. तेवढ्या पाण्यापुढे कुठलीही गादी पुरत नाही. पूररेषेतल्या घरांनी सरळ बारा-चौदा इंची कुंडीत लावावा आणि कुंडी गच्चीवर न्यावी. कुंडीतही तो खुशाल फुलतो.

काडी जून-जुलैत लावावी. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेली. खालची पानं काढून टाकायची, निम्मी काडी ओल्या वाळूमिश्रित मातीत, सावलीत. महिना-दीड महिन्यात मुळं धरते. त्याहून खात्रीचं म्हणजे दाब कलम: जमिनीलगतची फांदी वाकवून मधल्या डोळ्यापाशी थोडी साल खरवडायची, तेवढा भाग मातीत दाबायचा, वर दगड ठेवायचा आणि विसरून जायचं. ऊन मात्र निदान पाच तास हवं. सावलीत झुडूप हिरवंगार वाढतं आणि फुलं मागायला गेलं की गप्प बसतं.

छाटणीचं वेळापत्रक तासगावच्या द्राक्षवाल्यांना पटकन कळेल. त्यांची जशी एप्रिलची खरड छाटणी, तशी कुंदाची फुलं संपल्यावर फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये. निम्म्यापर्यंत कापायला घाबरू नये. पावसाळ्यात नव्या फुटव्यांचे शेंडे एक-दोनदा खुडले की झुडूप पसरट आणि भरगच्च होतं. फरक एवढाच की द्राक्षाला ऑक्टोबरची छाटणी असते, कुंदाला सप्टेंबरनंतर कात्री लावायचीच नाही. ज्या शेंड्यांवर फुलं यायची तेच तुम्ही कापून टाकाल आणि मग जानेवारीत “आमचा कुंद फुलत नाही” म्हणाल. दिवाळीच्या आसपास नायट्रोजनची खतंही बंद, नाहीतर नुसता पाला. कधी पिठ्या ढेकूण लागतो, पांढरा कापसासारखा; साबणाच्या पाण्यात थोडं निंबोळी तेल घालून दोन-तीनदा फवारलं की जातो. मोकळा सोडला तर तो वेलासारखा कमानीवर चढतो, छाटत राहिलं तर चार-पाच फुटांचं झुडूप राहतं. आपल्या दारांना झुडूपच बरं.

घरापुरतं हे ठीक आहे. माझं म्हणणं मशिदीच्या आवाराबद्दल आणि कब्रस्तानाबद्दलही आहे, आणि इथे आपल्याच माणसांशी भांडण आहे. एका गावातल्या मशिदीच्या आवारात मेंदीचं जुनं कुंपण होतं. कमिटीने वर्गणी काढली, सुशोभीकरण ठरलं आणि सुशोभीकरणाचं पहिलं काम म्हणजे मेंदी उपटून ब्लॉक घातले. कारण विचारलं तर “कचरा पडतो.” झाडाची पानं कचरा आणि सिमेंट शोभा, हे कुठल्या किताबात लिहिलंय ते मला दाखवा.

वज़ूचं पाणी बघा. पाच वक्तांची नमाज़, जुम्याला शेकडो माणसं, आणि नळ सोडून वज़ू केला तर एका माणसामागे कित्येक लिटर पाणी थेट गटारात. रसूलुल्लाह एका मुद्द पाण्यात वज़ू करत अशी हदीस आहे, म्हणजे आपल्या मापाने पाऊण लिटरच्याही आत. आपण तेवढ्यावर येणार नाही, मान्य. पण त्या पाण्यात साबण नसतो, तेल नसतं. वज़ूखान्याची नळी गटाराऐवजी एका लांबट वाफ्यात सोडली तर डझनभर कुंद वर्षभर जगतील आणि कमिटीला एक रुपयाही खर्च येणार नाही. वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला जादा पाणी जायला वाट ठेवावी, नाहीतर पुन्हा तेच, मुळं कुजतील.

कब्रस्तानात मोठी झाडं लावायला लोक बिचकतात, मुळं कबरींत शिरतील म्हणून. वड-पिंपळाबाबत ही भीती खरी आहे. कुंदाची मुळं तशी दांडगी नसतात. तो दोन ओळींमधल्या वाटेच्या कडेला लावता येतो. गवत-काटेरी झाडोरा माजून साप होतात ही दुसरी तक्रार, ती खरंतर न छाटलेल्या झाडोऱ्याची आहे. वर्षातून एकदा मार्चमध्ये चार पोरं कात्र्या घेऊन गेली तरी पुरतं. रसूलुल्लाहनी खजुराची ओली फांदी चिरून दोन कबरींवर रोवली आणि ती सुकेपर्यंत त्यांचा त्रास हलका होईल अशी उमेद व्यक्त केली, ही हदीस आपल्याला तोंडपाठ आहे. ती खास त्यांच्यापुरती होती की सगळ्यांसाठी यावर उलमांत मतभेद आहेत, ते मी सोडवू शकत नाही. पण आपल्याकडे कबरीवर सब्जा लावायची रीत आहेच. सब्जा बी धरून एका हंगामात वाळून जातो. बाराही महिने हिरवं राहणारं एखादं झुडूप वाटेच्या कडेला असायला कुणाचीच हरकत नसावी.

आणि हे आत्ताच का, यालाही कारण आहे. आपलं हिजरी वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे सण सगळ्या ऋतूंतून फिरतात. गेली दहा-पंधरा वर्षं आपण उन्हाळ्यातले रोज़े धरले, एप्रिल-मेमध्ये इफ्तारला घशाला कोरड पडलेली असायची. आता रमज़ान थंडीत शिरतोय. २०२७ चा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल, २०२८ चा जानेवारीच्या अखेरीस, आणि २०३० मध्ये तो दोनदा येईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. चंद्रावर एखादा दिवस इकडेतिकडे. माझ्या वयाच्या लोकांना असा रमज़ान शाळा-कॉलेजच्या दिवसांतला आठवतो, १९९७ मध्येही जानेवारीत एक रमज़ान झाला आणि दुसरा वर्ष संपता संपता लागला. सहरीला अंगावर शाल घेऊन चुलीपाशी बसायचे ते दिवस. म्हणजे पुढची काही वर्षं सहरीची वेळ आणि कुंदाचा बहर एकत्र येणार आहे. शब-ए-बारात रमज़ानच्या पंधरवडाभर आधी, म्हणजे तीही याच बहरात. त्या संध्याकाळी कब्रस्तानाबाहेर फुलांचा भाव काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे. घरच्या झुडपावरची ओंजळभर फुलं अब्बांच्या कबरीवर नेता आली तर माझा तरी जीव थंडावतो.

या पावसात लावलेली काडी येत्या थंडीत चार-दोन फुलं देईल, जास्त अपेक्षा करू नका. पुढच्या वर्षी झुडूप होईल आणि २०२८ च्या रमज़ानला अंगण पांढरं दिसेल. माझ्या मार्चच्या छाटणीतल्या काड्या मी पिशव्यांत लावून ठेवल्यात, त्यातल्या पंधरा-सोळा धरल्या. चार शाळेच्या आवारात जातील, दोन काकूंच्या जावेला कबूल केल्यात. मिरजेची फुफी फोनवर म्हणाली की तिच्या चारपैकी तीन जगल्या आणि एक तिने मोहल्ल्यातल्या मशिदीच्या वज़ूखान्यापाशी लावलीय, कमिटीला न विचारता.